बुडबुडे आणि हृदयातली फट



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर या किनाऱ्यावर रोगी तपासले. त्यांच्या नावाने बोलायचं तर इथल्या माणसांच्या उपयोगाचं काही बोलावं, असं मला वाटलं. हृदयविकारावर व्याख्यान म्हटलं की कोलेस्टेरॉल, रक्तदाब, स्टेंट हे ओघानं येतंच. ते सांगणारे पुष्कळ आहेत. आज मी हृदयाच्या ज्या दोषाबद्दल बोलणार आहे, तो जमिनीवर राहणाऱ्या माणसाला बहुधा जन्मभर त्रास देत नाही. पाण्याखाली जाणाऱ्याला मात्र तो एखाद्या दिवशी अपंग करू शकतो. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात आता स्कूबा डायव्हिंग हा अनेक घरांचा पोटापाण्याचा उद्योग झाला आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था उभी आहे. हौसेनं शिकलेले डायव्हर इथून नेत्राणीला, अंदमानला, मालदीवला जातात. म्हणून हा विषय इथेच मांडायला हवा.

आईच्या पोटात असताना बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात. ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येतो. त्यामुळे फुप्फुसांना वळसा घालून रक्त हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून थेट वरच्या डाव्या कप्प्यात जावं, अशी एक वाट मधल्या पडद्यात असते. बाळ जन्मतं, पहिला श्वास घेतं, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि पडद्याचे दोन पदर एकमेकांवर दाबले जातात. बहुतेकांत ते पुढे कायमचे सांधतात. काहींत सांधत नाहीत; तोंड न चिकटवलेल्या पाकिटासारखे नुसते एकमेकांवर टेकून राहतात. या उरलेल्या फटीला पेटंट फोरेमेन ओव्हेल, थोडक्यात पीएफओ म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ९६५ हृदयांची मरणोत्तर तपासणी झाली होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत २७.३ टक्के हृदयांत ही फट सापडली. म्हणजे आज या सभागृहात बसलेल्या दर चौघांतल्या एकाला ती असणार, आणि त्याला त्याचा पत्ता नसणार. ती स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही, ईसीजीत दिसत नाही, जिना चढताना धाप लागत नाही.

मग ती कळते कशी? जे उजवीकडे अडायला हवं, ते डावीकडे निसटतं तेव्हा. शरीरभरातून परतलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसांत जातं आणि गाळून, ऑक्सिजन घेऊन डाव्या बाजूला येतं. १८७७ साली यूलिउस कोनहाइम या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानं एका तरुण स्त्रीच्या मृत्यूचं कोडं उलगडलं. पायाच्या नीलेत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात अडायच्या ऐवजी हृदयातल्या या फटीतून मेंदूत पोचली होती. डायव्हरच्या बाबतीत गुठळीच्या जागी वायूचा बुडबुडा असतो, एवढाच फरक.

हा बुडबुडा येतो कुठून, ते थोडक्यात सांगतो. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो, तीस मीटरला चौपट. टँकमधून आपण जी हवा घेतो तिचे जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन. शरीर तो वापरत नाही. वाढत्या दाबाखाली तो रक्तात आणि मांसात विरघळत जातो. वर येताना दाब कमी होतो आणि तो बाहेर पडू लागतो. हळू आलात तर श्वासावाटे निघून जातो, घाईनं आलात तर बुडबुडे धरतो. त्यातून होतो तो डीकॉम्प्रेशन सिकनेस, डायव्हरांच्या भाषेत बेंड्स. जे. एस. हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्यानं वर येण्याची कोष्टकं १९०८ साली प्रसिद्ध केली. आजच्या डायव्हरच्या मनगटावरचा कॉम्प्युटर त्याच घराण्यातला आहे.

पुढे अल्ट्रासाउंड आला, आणि एक गोष्ट अनेकांना चकित करून गेली. सगळे नियम पाळून, वेळेत वर आलेल्या, ठणठणीत डायव्हरच्या नीलांमध्येही बुडबुडे फिरताना सापडू लागले. त्यांना मूक बुडबुडे म्हणतात. ते मूक राहतात, कारण फुप्फुसांच्या केसाहून बारीक वाहिन्यांत ते अडकतात आणि त्यांतला वायू श्वासाबरोबर निघून जातो. फुप्फुस हे डायव्हरचं गाळणं आहे. कोष्टकं असोत की कॉम्प्युटर, हे गाळणं शाबूत आहे असं गृहीत धरूनच ती वापरली जातात. हृदयात फट असेल तर गाळण्याला वळसा पडतो.

एरवी डाव्या बाजूचा दाब थोडा जास्त असल्यामुळे फट मिटलेली राहते. पण माणूस कुंथतो, खोकतो, नाक दाबून कानात हवा भरतो, जड वजन उचलतो आणि मग श्वास सोडतो, त्या क्षणी उजवीकडे रक्ताचा लोंढा येतो आणि फट उघडते. आता बोटीवर काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. डायव्हर वर येतो. टँक आणि वजनाचा पट्टा अंगावर तसाच ठेवून शिडी चढतो. दम न घेता दुसऱ्याचा टँक वर ओढतो, नांगराचा दोर खेचतो. वर आल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास हाच नीलांत बुडबुडे सर्वांत जास्त असण्याचा काळ. अगदी त्याच वेळी आपण त्याच्याकडून कुंथण्याची कामं करून घेतो. माझ्या मते किनाऱ्यावरच्या व्यावसायिकांनी ही पद्धत आजच बदलावी. हा बदल करायला तपासणी लागत नाही की खर्च.

या दोषाचा आणि बेंड्सचा संबंध १९८० च्या दशकात उघड झाला. पीटर विल्म्सहर्स्ट हे ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ स्वतः डायव्हर आहेत. नियमात राहून बुडी मारलेल्या माणसांना बेंड्स का होतो, या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी वर्षानुवर्षं केला. १९८९ साली लॅन्सेट या नियतकालिकात त्यांचं काम आलं, आणि त्याच वर्षी तिथेच अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या मून आणि सहकाऱ्यांचंही. ड्यूकच्या गटानं बेंड्स झालेल्या ३० जणांना तपासलं. त्यांतल्या १८ जणांना मज्जासंस्थेची गंभीर लक्षणं होती, आणि त्या १८ पैकी ११ जणांच्या हृदयात फटीतून रक्त पलीकडे जाताना दिसलं. ज्यांचे नुसते सांधे दुखत होते, त्यांच्यात हा संबंध नव्हता. सगळा बेंड्स सारखा नसतो, हे त्यातून कळलं. कोणत्या प्रकारचा झाला, यावरून हृदयाकडे बोट जातं.

तेव्हा आता लक्षणांकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही लक्षणं पहिल्यांदा डॉक्टर बघत नाही. बोटीवरचा सोबती बघतो, नाहीतर लॉजवर परतल्यावर घरचं माणूस.

पहिलं लक्षण त्वचेचं. पोटावर, कुशीत, मांड्यांवर, दंडावर, स्त्रियांमध्ये स्तनांवर, जांभळट-तांबडी जाळी उमटते. संगमरवरात शिरा असतात तशी. आधी खाज किंवा आग होते, मग रंग चढतो, हात लावला तर दुखतं. काही तासांत ती विरूनही जाते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. वेटसूट घासला असेल, जेलीफिश लागली असेल, खाण्यात काही आलं असेल, अशी कारणं सापडतात. जेलीफिशचा चटका उघड्या अंगावर रेघारेघांनी उठतो आणि पाण्यातच झोंबतो. ही जाळी वेटसूटखालच्या अंगावर, वर आल्यानंतर काही वेळानं येते. विल्म्सहर्स्ट यांनी त्वचेचा बेंड्स झालेल्या ६१ जणांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी ७७ टक्के लोकांत उजवीकडून डावीकडे रक्त जाण्याची वाट सापडली. तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण सुमारे २८ टक्के होतं. असे चट्टे दिसले की लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रुग्णालयात पोचेपर्यंत ते गेलेले असतील, आणि मग तो फोटो हाच पुरावा उरतो.

दुसरं लक्षण कानातलं. वर आल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत माणसाला एकाएकी भोवळ येते, सगळं गरगरतं, उलट्या थांबत नाहीत, एका कानानं ऐकू कमी येतं. बोटीवर लोक म्हणतात, बोट लागली. पण बोट लागलेल्या माणसाला किनाऱ्यावर पाय टेकल्यावर बरं वाटू लागतं, याला वाटत नाही. भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. अशा रोग्याच्या मेंदूला बहुधा काही झालेलं नसतं, फक्त अंतर्कर्णाला इजा होते. याचं एक चांगलं स्पष्टीकरण न्यूझीलंडचे सायमन मिचेल आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डूलेट यांनी दिलं आहे. मेंदूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तिथला जादा नायट्रोजन लवकर निघून जातो. अंतर्कर्णातून तो सावकाश निघतो. फटीतून आलेला बारीकसा बुडबुडा दोन्हीकडे पोचतो. मेंदूत तो विरतो, कानात मात्र आजूबाजूचा नायट्रोजन ओढून घेऊन फुगतो.

तिसरा गट मेंदूचा आणि मज्जारज्जूचा. एका बाजूचा हात-पाय जड पडणं, बोलताना शब्द न सापडणं, डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमचमत्या रेषा येणं किंवा अर्धं दृश्य झाकलं जाणं. मज्जारज्जूचं दुखणं थोडं फसवं असतं. आधी पाठीत किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखतं, नंतर पायांना मुंग्या येतात, पाय आपले वाटत नाहीत, लघवी अडते. डायव्ह झाल्यावर लघवी होत नाही असं कुणी म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नका.

या सगळ्याला जोडणारा धागा वेळेचा आहे. फटीतून निसटलेल्या बुडबुड्यांची लक्षणं बहुतेकदा वर आल्यावर लवकर, पुष्कळदा पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतात. आणि ती अशा बुडीनंतर येतात, जिच्यात वावगं काही दिसत नाही. खोली मर्यादेत, वर येण्याचा वेग मर्यादेत, पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घेतलेला. इथे सर्वांत घातक वाक्य उच्चारलं जातं: “कॉम्प्युटर तर ओके दाखवत होता, मग बेंड्स कसा असेल?” कॉम्प्युटर खोली आणि वेळ मोजतो. त्याला तुमचं हृदय दिसत नाही. उलट नियमात राहूनही असं झालं, तर हृदयाचा संशय वाढला पाहिजे.

समजा, नेत्राणीला दोन डायव्ह करून पस्तिशीची एक बाई बोटीवर बसली आहे. वीस मिनिटांत पोटाला खाज सुटते, डोळ्यांपुढे चमक येते, मग डोकं ठणकतं. ती म्हणते, मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे, गोळी घेतली की बरं वाटेल. तासाभरात बरं वाटतंही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाण्यात उतरते. या प्रसंगात तीन खुणा एकामागून एक येऊन गेल्या. डोळ्यांपुढे रेषा येऊन मग डोकं दुखतं, त्या प्रकारची अर्धशिशी असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत पीएफओ सापडतो. आधीपासून अशी अर्धशिशी असणं, ती डायव्हनंतर उठणं, सोबत त्वचेवर काही दिसणं. हे एकत्र आलं की पुढची बुडी रद्द. बरं वाटलं म्हणून आजार नव्हता, असं समजायचं नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. पाण्यात असतानाच धाप लागणं, खोकला, तोंडाला गुलाबी फेस येणं ही फटीची लक्षणं नव्हेत. ते फुप्फुसात पाणी उतरल्याचं चिन्ह असतं, आणि त्यामागे वाढलेला रक्तदाब किंवा हृदयाचा दुसरा आजार असू शकतो. पोहताना छाती भरून येणं हेही वेगळं. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या डायव्हरना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं दुखणं या फटीपेक्षा जास्त धोक्याचं आहे. त्याचप्रमाणे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ वाटाड्याचा हात धरून पाच-सात मीटर खाली पंधरा-वीस मिनिटं जाऊन येणाऱ्या पर्यटकाच्या अंगात नायट्रोजन फारसा साठतच नाही. त्याला या फटीची भीती घालू नये. त्याला धोका आहे तो श्वास रोखून झटकन वर येण्याचा, आणि फॉर्मवर दमा, फिट्स किंवा हृदयविकार लपवण्याचा.

मग सगळ्यांचीच तपासणी का करू नये? सगळ्यांना तपासणं मला मान्य नाही. हौशी डायव्हिंगमध्ये बेंड्स दहा हजार बुड्यांमागे साधारण दोन ते चार वेळा होतो. फट मात्र चौघांतल्या एकाला असते. म्हणजे फट असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर सुखरूप डायव्ह करतात. सगळ्यांना तपासलं तर हजारो निरोगी माणसांच्या मनात घबराट भरेल आणि गरज नसलेल्या शस्त्रक्रिया होतील. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची साउथ पॅसिफिक अंडरवॉटर मेडिसिन सोसायटी आणि ब्रिटनची डायव्हिंग वैद्यक समिती यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेलं संयुक्त निवेदन हेच सांगतं. मेंदू, मज्जारज्जू, अंतर्कर्ण किंवा त्वचा यांचा बेंड्स होऊन गेला असेल, तर तपासणीचा विचार करावा. रेषा दिसणारी अर्धशिशी, कारण न सापडलेला पक्षाघात, किंवा सख्ख्या नात्यात असा दोष असेल, तरीही तो करावा.

आणि तपासणी म्हणजे नुसता टूडी इको नव्हे. “इको नॉर्मल आहे” हा कागद घेऊन लोक निश्चिंत होतात. साध्या इकोत ही फट पुष्कळदा दिसतच नाही. हवी ती बबल टेस्ट. नऊ मिलिलिटर सलाइन आणि एक मिलिलिटर हवा दोन सिरिंजमध्ये घेतात, मधे तीन तोंडांची तोटी असते. पाणी इकडून तिकडे जोरात ढकलत राहिलं की ते दुधाळ होतं. ते हाताच्या नीलेत टोचतात. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढरीशुभ्र भरते, डावी काळीच राहायला हवी. मग रोग्याला कुंथायला सांगतात आणि एकदम सोडायला सांगतात. नाकानं हुंगायलाही सांगतात. फट असेल तर चार-दोन ठोक्यांत डाव्या काळ्या कप्प्यात पांढरे ठिपके चमकू लागतात. कुंथायला न लावता केलेली बबल टेस्ट अपुरी समजावी. ठिपके किती आले आणि कुंथल्याशिवाय आले का, याला महत्त्व आहे, कारण मोठी आणि आपोआप उघडणारी फट जास्त धोक्याची.

फट मोठी निघाली तर रस्ते तीन. डायव्हिंग सोडणं. किंवा ते नेमस्त करणं: खोली आणि वेळ कमी, दिवसाला एकच बुडी, नायट्रॉक्स (नायट्रोजन कमी असलेली हवा) घेऊन कोष्टक मात्र साध्या हवेचं, शेवटचा थांबा लांबवणं, आणि वर आल्यावर वजन न उचलणं. तिसरा रस्ता म्हणजे जांघेतल्या नीलेतून नळी घालून धातूच्या जाळीची दुहेरी चकती फटीवर बसवणं. ज्याचं पोट डायव्हिंगवर आहे आणि ज्याला गंभीर बेंड्स होऊन गेला आहे, त्याला मी तो विचारपूर्वक सुचवीन. नुसत्या हौसेसाठी हृदयात चकती बसवायची घाई मला पटत नाही. ती बसवण्यातही धोके आहेत. चकती बसवल्यानंतर किमान तीन महिने थांबून, पुन्हा बबल टेस्ट करून, फट खरोखर बंद झाल्याचं पाहूनच पाण्यात उतरायचं.

शेवटी बोटीवर काय करायचं ते. वर सांगितलेलं काहीही दिसलं, तर माणसाला आडवं झोपवा, पिशवीचा मास्क लावून शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करा, शुद्धीवर असेल आणि उलटी नसेल तर पाणी पाजा. पुन्हा पाण्यात उतरवू नका. ऑक्सिजननं लक्षणं गेली तरी डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरांशी बोला. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची मदत फोनवर मिळते. खरा उपचार रिकम्प्रेशन चेंबरमध्ये होतो. नेहमीच्या पद्धतीत अठरा मीटर खोलीएवढ्या दाबापासून सुरुवात करून, ऑक्सिजनवर जवळजवळ पाच तास ठेवतात. मुंबईला कुलाब्यात नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात या वैद्यकाचं शिक्षण देणारी संस्था आहे. चेंबर सगळीकडे नसतो आणि असला तरी तिथे दर वेळी डायव्हरला घेतातच असं नाही, म्हणून आधी फोन, मग गाडी. इथून कोल्हापूरकडे नेताना आंबोलीचा घाट सुमारे सातशे मीटर चढतो. उंचीवर हवेचा दाब उतरतो आणि बुडबुडे फुगतात. विमानात तर आणखी. त्यामुळे कोणत्या रस्त्यानं न्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि वाटभर ऑक्सिजन चालू ठेवा.

इथे बोटमालक आहेत, गाइड म्हणून काम करणारी मुलं-मुली आहेत. पावसाळ्यानंतर मोसम सुरू होईल. त्याआधी प्रत्येकानं आपल्या बोटीवर भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि मास्क ठेवावा, आणि चालू असलेल्या जवळच्या चेंबरचा नंबर फळीवर रंगवून घ्यावा. किती खोल गेला, किती वाजता वर आला आणि पहिलं लक्षण किती वाजता दिसलं, या तीन गोष्टी लिहायला एक वही ठेवा. रोग्याबरोबर त्या वहीचं पान पाठवा. डॉक्टरला निदान करायला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.